आत्याचे सव्वादोन टन

बोस्टन,
३ जुलै २००७

ती. अहल्याआत्यास नमस्कार.

हाताने लिहितोय, कारण ई-मेलवर दिलेला नकार तू नकार धरत नाहीस, असं आईने फोनवर सांगितलं. अक्षर अजून गचाळच आहे. पूर्वी तू त्याचे मार्क कापायचीस, ह्या वेळी सगळं पत्रच कापशील अशी भीती वाटते.

डिसेंबरात तुझं सहस्रचंद्रदर्शन. हजार पौर्णिमा पाहिलेली आत्या आमच्या घरात आहे, हे मी इथे भेटेल त्याला सांगत असतो. बापूंनी समारंभासाठी गोत्रीतली वाडी ठरवली, हेही कळलं. न्यू जर्सीहून मैथिली, पिट्सबर्गहून उत्कर्ष, व्हर्जिनियाहून मोहना, सगळी भावंडं आपापली बिऱ्हाडं घेऊन निघणार आहेत. मांडीवरचं मैथिलीचं बाळ सोडलं तर माझ्यासकट अकरा खुर्च्या.

पण आत्या, मी येणार नाही.

मी इथे विद्यापीठात काय करतो हे घरात कुणाला नीट कळलेलं नाही, म्हणून एकदा लिहितो. माणूस विमानाने प्रवास करतो, तेव्हा हवेत जो कार्बनचा धूर जातो, त्यातला त्याच्या वाट्याचा किती, हे मी मोजतो. मुंबईला येऊन परत जायचं तर माझा वाटा पावणेतीन टन होतो. एवढा धूर आपल्या गोत्रीच्या घरातून वर्षभरात निघत नाही. मी आणि माझे चाळीस विद्यार्थी, आम्ही मिळून एक नियम केलाय: दोन वर्षांत एकच लांबचा विमानप्रवास. माझा ह्या वेळचा झालेला आहे. नियम मीच केला, मीच मोडला तर ती मुलं काय म्हणतील?

बापूंना समजाव. माझे वडील असले तरी तुझे धाकटे भाऊ आहेत, तू समजावलंस तरच ते ऐकतील.

तुझा,
सोहम

•

गोत्री, बडोदे
१६ जुलै २००७

चि. सोहम यास आधी आशीर्वाद, मग भांडण.

तुझं पत्र आधी बापूने वाचलं, मग पद्माने, तुझ्या आईने, मग बापूने परत. बापूचं म्हणणं, पोराला तिथे कुणीतरी भेटलीय आणि ती येऊ देत नाही. पद्माचं म्हणणं, नोकरी गेली असणार. शेजारच्या कांचनबेनला कुणी विचारलं नव्हतं, तरी ती कुंपणावरून म्हणाली, "कंईक तो छे, बेन." म्हणजे काहीतरी आहेच. मला वाटतं तू लिहिलंस तेच खरं असेल. खोटं बोलणं तुला लहानपणापासून जमत नाही, लगेच पकडला जातोस.

पण पावणेतीन टन हा आकडा तू नुसताच फेकलास. रीत कुठाय? सगळी हयात मुलींना गणित शिकवण्यात गेली माझी. रीत नसेल तर उत्तर बरोबर आलं तरी मी भोपळा दिलेला आहे, आणि तू माझा भाचा आहेस म्हणून तुला वेगळं माप नाही.

माझ्या शंका लिहून घे. तुझं वजन सत्तर किलो धरू. बॅगा धरू, बॅगांतली चकली धरू. एवढ्याशा ऐवजाचा पावणेतीन हजार किलो धूर? आणि धूर इंधनापेक्षा जड कसा भरतो? एक किलो घासलेट जाळलं तर एक किलोच्या वर काही निघेलच कुठून? शिवाय बापू विचारतो, विमान काय सोहमसाठी खोळंबलंय? तो बसो न बसो, ते उडणारच. ह्याचंही उत्तर पाठव.

आता माझं. पाटावर बसून हजार दिव्यांनी ओवाळून घ्यायची हौस मला नाही, ती बापूची. मी हो म्हटलं ते एका लोभापायी. मला तुम्ही सगळी भाचरं एकदा एका खोलीत पाहायची आहेत. माझ्या ओट्यावर बसून पाढे म्हणणारी पोरं तुम्ही. आता एक उन्हाळ्यात येतो, एक दिवाळीत, एक येतच नाही. तुम्ही सगळे आहात असा एकही फोटो ह्या घरात नाही. एक जण कमी असला तरी माझ्या दृष्टीने ती खोली रिकामीच.

तेव्हा तुझा हिशेब मी तपासणार. चूक सापडली तर मुकाट्याने तिकीट काढायचं.

तुझी,
अहल्याआत्या

•

बोस्टन,
३० जुलै २००७

ती. आत्यास,

रीत पाठवतोय. तुझं पत्र मी वर्गात वाचून दाखवलं, इंग्रजी करून. चकलीवर मुलं फार हसली.

मुंबईहून अमेरिकेला थेट येणारं मोठं विमान साधारण अठ्ठ्याण्णव टन इंधन जाळतं. त्यातलं बरंचसं स्वतःचं धूड आणि स्वतःचं इंधनच वाहण्यात जातं. माणसं सरासरी सव्वादोनशे. म्हणजे माणशी चारशे पस्तीस किलो इंधन, एका बाजूचं.

आता तुझी घासलेटाची शंका. इंधनातला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो. कार्बनचं वजन बारा, ऑक्सिजनचं सोळा, आणि कार्बनच्या एका कणाला ऑक्सिजनचे दोन लागतात. बाराचे झाले चव्वेचाळीस. विमानाच्या घासलेटात शंभरात शहाऐंशी भाग कार्बन असतो. म्हणून एक किलो इंधनाचा सव्वातीनच्या आत-बाहेर, नेमका तीन पूर्णांक पंधरा किलो वायू. चारशे पस्तीसला त्याने गुण, मग जाऊन-येऊन म्हणून दोनने. पावणेतीन टन.

बापूंना सांग, विमान माझ्यासाठी खोळंबत नाही हे खरं. पण कंपनी दर मोसमात किती खुर्च्या भरल्या ते बघते आणि त्यावर पुढची विमानं ठरवते. एकट्याच्या नकाराने काही होत नाही. पुष्कळांच्या नकाराने एक विमान कमी होतं. त्या पुष्कळांत कुणीतरी पहिला लागतो.

मैथिली मला फोनवर 'महात्माजी' म्हणते. उत्कर्ष तर बोलतच नाही. आत्या, तुझ्या त्या खोलीबद्दल वाचल्यापासून मला नीट जेवण गेलेलं नाही. पण रीत बरोबर आहे.

तुझा,
सोहम

•

गोत्री, बडोदे
१४ ऑगस्ट २००७

चि. सोहम,

बाराचे चव्वेचाळीस. काय सुरेख आहे रे हे. मी तीनदा करून पाहिलं, तरी मन भरेना, म्हणून बाजव्याच्या रिफायनरीतून रिटायर झालेल्या आपल्या लक्ष्मणला चहाला बोलावलं. तो म्हणाला, "आत्या, बरोबर आहे, पण रविवारी सकाळी हे कशाला?" ऐंशी वर्षं मी चुलीपाशी, शेगडीपाशी, गॅसपाशी उभी आहे आणि जळणारी वस्तू हवेतून वजन घेते हे कुणी मला सांगितलं नाही. भौतिकशास्त्राच्या बाई माझ्या शेजारच्याच खुर्चीत बसायच्या, त्यांनीही नाही.

बापूच्या प्रश्नाचं तुझं उत्तर मी मान्य केलं. नवरात्रात गरबा खेळून आलेली प्रत्येक मुलगी दुसऱ्या दिवशी म्हणायची, मी एकटी नाही गेले शाळेत तर वर्ग भरणारच आहे. आणि मी हजेरी घ्यायला जायची तर समोर नुसती रिकामी बाकं. बापूला हे सांगितलं. तो म्हणाला, मग तू कुणाच्या बाजूने आहेस? मी म्हटलं, गणिताच्या.

पण बाळा, चूक सापडली.

कांचनबेनचा भाऊ सुभाष आंबे परदेशी पाठवतो. ह्या वर्षी अमेरिकेने आपला आंबा घ्यायला सुरुवात केली, म्हणून त्याने सोसायटीभर पेढे वाटले होते. मी त्याला सहज विचारलं, आंबा जातो कसा, बोटीने? तो म्हणाला, "ना बेन, पॅसेंजरना प्लेनमां. नीचे, पेटमां." तुमच्या पायाखाली त्या विमानाच्या पोटात आंबे असतात, औषधं असतात, कापडाचे तागे असतात. अठ्ठ्याण्णव टन इंधनातलं काही त्यांच्यासाठीही जळतं ना? तू सगळं सव्वादोनशे माणसांच्या डोक्यावर ठेवलंस. आंब्याचा धूर माझ्या भाच्याच्या नावावर का?

दहापैकी सात दिले. दुरुस्त करून पाठव, आणि तिकीट काढ.

अहल्याआत्या

•

बोस्टन,
२ सप्टेंबर २००७

ती. आत्यास,

सात मार्क मिळाल्याचं मी सगळ्या मजल्यावर सांगितलं.

खरंच चूक होती. सोपं जावं म्हणून आम्ही मालाचा वाटा सोडून देत होतो, आणि सोडलाय हेही पुढे विसरलो. तुझं पत्र आलं त्या आठवड्यात आम्ही चौघं बसलो आणि कंपन्यांकडून मालाची वजनं मागवली. ह्या मार्गावर अठरा टक्के इंधन मालाच्या नावावर जातं. म्हणजे माणशी धूर पावणेतीन टनांवरून सव्वादोनवर आला. आमचा सगळा तक्ता नव्याने छापला. खाली बारीक अक्षरांत आभार मानलेत: ए. पागे, बडोदा. इथे सगळ्यांना वाटतं ते कुणी मोठे प्रोफेसर आहेत. मी दुरुस्त केलेलं नाही.

पण आत्या, सव्वादोन झाले म्हणून मी निघू शकत नाही. नियम टनांचा नाही, प्रवासांचा आहे, आणि माझा प्रवास झालाय. एवढं एक सोडून काहीही सांग.

तुझा,
सोहम

•

गोत्री, बडोदे
२० सप्टेंबर २००७

सोहम,

काल मैथिलीचा फोन होता. बोलता बोलता म्हणाली, आमचे महात्माजी एप्रिलमध्ये स्पेनला जाऊन आले. मी विचारलं, कशाला? तर परिषदेला. विषय काय? विमानाचा धूर कमी कसा करावा.

दोन पत्रांत तू लिहिलंस, 'माझा प्रवास झालाय'. कुठे झाला ते एकदाही लिहिलं नाहीस. चार अनोळखी माणसांना धुरावर भाषण द्यायला स्पेनला उडायचं, आणि आत्याला भेटायचं म्हटलं की नियम. तिथे कुणाला रीत विचारली होतीस का, ही सभा विमानाशिवाय झाली नसती का म्हणून? मला राग आलाय आणि तो मी लपवत नाही.

डिसेंबरातलं सगळं मी रद्द करायला लावलं आहे. बापूने वाडीवाल्याला कळवलं. मैथिली, उत्कर्ष आणि मोहना ह्यांना पद्मा आज फोन करेल, की कुणीही तिकिटं काढू नका. आता कारण विचारू नकोस. सांगायचं तेव्हा सांगेन.

अहल्याआत्या

•

बोस्टन,
३ ऑक्टोबर २००७

ती. आत्या,

तुझं पत्र टेबलावर उघडं ठेवून हे लिहितोय.

स्पेनचं तू बोललीस ते सगळं खरं आहे. मला तिथे बोलावलं आणि मी गेलो. कामाच्या ठिकाणी नाही म्हणायची हिंमत झाली नाही. घरी नाही म्हणता आलं, कारण घरची माणसं रागावली तरी पुन्हा बोलतात, हे मला माहीत होतं. माझ्या माणसांच्या मायेवर मी माझा नियम पाळत होतो. लिहितानाही लाज वाटते.

आता ऐक. मी येतो. दिवस सांग फक्त. मुलांना सोमवारी वर्गात सांगणार आहे की त्या नियमाखालचं माझं नाव मी काढतोय. ती काय म्हणायचं ते म्हणोत. उत्कर्षला फोन केला, तो पहिल्यांदा धड बोलला. मोहना रडत होती. आत्याने रद्द केलं म्हणजे आत्या आतून मोडली, असं ती म्हणाली.

बापूंना वाडी परत घ्यायला सांग. तुझी खोली भरलेली असेल. आकडे गेले खड्ड्यात.

तुझा,
सोहम

•

गोत्री, बडोदे
१५ ऑक्टोबर २००७

चि. सोहम,

खबरदार तिकीट काढलंस तर.

मोडली? मी? मोहनाला सांग, तुझी आत्या गेल्या महिन्यातच पासपोर्ट कचेरीत रांगेत उभी राहून आली, आणि मधेच घुसणाऱ्या एका बाप्याला मागे पाठवून आली. पासपोर्ट हातात पडेपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं, नाहीतर बापूने घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून मागचं पत्र तेवढंच लिहिलं. रागही होता, खोटं कशाला बोलू. आता पासपोर्ट आलाय. फोटोत मी दरोडेखोर दिसते.

आता रीत बघ, आणि ह्या वेळी मार्क तू द्यायचेस.

तुम्ही अकरा जण इथे येणार. अकरा गुणिले सव्वादोन, पावणेपंचवीस टन. कशासाठी? तर एका म्हातारीला तुम्हांला एका खोलीत पाहायचंय म्हणून. गेल्या महिन्यात भाजी निवडताना माझ्या मनात आलं, की अहल्ये, तू गणिताची बाई ना? अकरा जणांना एका जागी आणायचं तर त्यांनी एकाकडे जायचं, की एकाने त्यांच्याकडे? मी एकटी आले तर सव्वादोन. उत्कर्ष आणि मोहना मोटारीने मैथिलीकडे येतील, तू आगगाडीने ये. त्या दोन मोटारींचा धूर मी लक्ष्मणकडून काढून घेतला, अर्धा टनही होत नाही. खोली तीच, माणसं तीच, आणि उरलेल्या साडेबावीस टनांतलं जवळजवळ सगळं वाचलं. इतकं सोपं होतं. आपल्याला कुणाला सुचलं नाही, कारण मोठ्या माणसाने घरी बसायचं आणि लहानांनी नमस्काराला यायचं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय.

गुरुजींना विचारलं, हजार चंद्र इथे पाहिले, शांत अमेरिकेत चालेल का? ते म्हणाले, चंद्राला काय, तो तिकडेही जातोच. हजारावर चार-पाच जास्त झाले तरी बिघडत नाही म्हणे. मे महिना धर.

बापू दोन दिवस जेवताना बोलला नाही. "तायडे, ह्या वयात? एकटी? विमानात?" मी म्हटलं, बावीस तास नुसतं बसायचं आणि कुणीतरी हातात जेवण आणून द्यायचं, हे ह्या वयात नाही तर कधी करायचं?

आणि तुझं नाव त्या मुलांच्या नियमाखालून काढू नकोस. काढलं असशील तर परत घाल. स्पेनबद्दल मात्र त्यांना सांग. ते सांगितल्याशिवाय मी येणार नाही.

तुझी,
अहल्याआत्या

•

बोस्टन,
२९ ऑक्टोबर २००७

आत्या,

दहापैकी दहा.

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं. वाचून झाल्यावर मी हसतोय की रडतोय ते शेजारच्या टेबलावरच्या मुलीला कळेना, तिने पाणी आणून दिलं. त्या सोमवारी वर्गात स्पेनचं सांगितलं होतंच, नाव काढतोय म्हणूनही सांगितलं होतं. आज पुन्हा उभा राहिलो आणि तुझं गणित फळ्यावर मांडलं. मुलांनीच माझं नाव परत घातलं.

मैथिली तळघरातली मोठी खोली रंगवायला काढतेय. आता व्हिसा मिळाला पाहिजे, एवढीच धास्ती. तिथे फार बोलू नकोस.

सोहम

•

गोत्री, बडोदे
२२ जानेवारी २००८

चि. सोहम,

फार बोलले, आणि व्हिसा मिळाला.

मुंबईला बापू बरोबर होता, त्याला बाहेर थांबवलं. खिडकीपलीकडे एक तरुण गोरा मुलगा, बाजूला मराठी सांगायला एक बाई. त्याने विचारलं, कशाला जाताय? मी म्हटलं, बचत करायला. बाईने माझ्याकडे पाहिलं आणि तसंच सांगितलं. त्याला वाटलं मी तिकडे नोकरी करणार. मग मी म्हटलं, थांब, रीत सांगते. अकरा गुणिले सव्वादोनपासून सगळं सांगितलं. आंबे सांगितले. बारा-चव्वेचाळीस सांगायला लागले तेव्हा मागची रांग कुरकुरायला लागली, पण तो मुलगा हनुवटीखाली हात ठेवून ऐकत होता.

शेवटी त्याने विचारलं, तुम्ही परत याल कशावरून? तिथे घर आहे, भाचरं आहेत, राहून जाल. मी म्हटलं, राहून कशी जाईन? सव्वादोन टन जाण्या-येण्याचे आहेत. मी परत आलेच नाही तर माझं उत्तर चुकेल. ती बाई सांगता सांगता हसायला लागली. तो मुलगा हसला नाही, त्याने मान डोलावली आणि म्हणाला, मॅडम, हॅव अ गुड ट्रिप. एवढं इंग्रजी मला येतं.

आता घरात वेगळाच लोचा झालाय. आपल्याकडे कुणी परदेशी निघालं की सोडायला अख्खी आळी मुंबईपर्यंत जाते, हे तू जाणतोस. बापूने दोन सुमो ठरवल्या. कांचनबेन, सुभाष, लक्ष्मण, त्याची बायको, सगळी तयार. थेपले किती करायचे ह्यावर चर्चा चाललेली. मी म्हटलं, मी जे वाचवते ते तुम्ही रस्त्यावर जाळणार? मी आगगाडीने जाईन, बापू बरोबर येईल, बाकीच्यांनी बडोदे स्टेशनवर यावं आणि तिथे काय रडायचं ते रडावं. कांचनबेन रुसली. तिला मी खिडकीजवळची जागा दिलीय, फलाटावरची.

तुझी,
आत्या

•

बोस्टन,
९ जून २००८

ती. आत्या,

तू सुखरूप पोचलीस हे कळलं. घरी येऊन पहिली चौकशी कुंडीतल्या कढीलिंबाची केलीस, हेही.

तू गेल्यापासून एकच दृश्य डोळ्यांपुढे आहे. विमानतळावर दार उघडलं, आणि चाकाच्या खुर्चीत बसायला नकार देऊन तू चालत बाहेर आलीस. खुर्ची ढकलणारा मुलगा तुझी पिशवी त्या खुर्चीत ठेवून मागून येत होता. आम्ही सगळे धावलो. तू हात वर करून आम्हांला थांबवलंस. जागच्या जागी उभं केलंस आणि बोट दाखवत मोजायला लागलीस. मैथिलीपासून सुरू केलंस. अकरावा मी होतो. माझ्यापाशी येऊन तू मोजणं संपवलंस. मग माझ्या शर्टाची कॉलर नीट केलीस. पंचेचाळिशीचा माणूस आहे मी आत्या, लोकांसमोर असा रडेन असं वाटलं नव्हतं.

बाकी गोंधळ तू पाहिलासच. हजार दिवे लावायचे म्हणून उत्कर्षने शंभरावर पणत्या पेटवल्या आणि छताला लावलेला धुराचा भोंगा ओरडायला लागला. बंब आला. ते चार धिप्पाड जवान हेल्मेट काढून तुझ्या पाया पडले, कारण बाकी सगळे पडत होते. त्यांच्या हातावर तू बेसनाचे लाडू ठेवलेस. मोहनाच्या मुलाने ते सगळं चित्रित केलंय. कुठलाही गुरुजी ह्याहून चांगली शांत करू शकला नसता.

आता बातमी. आमच्या विद्यापीठात दर वर्षी निरनिराळ्या गावांहून तीसेक प्राध्यापक विमानाने एका सभेला येतात. ह्या वर्षी ठरलं, आधी मोजायचं, बहुतेक जण कुठे राहतात, आणि जे थोडे असतील त्यांनी तिकडे जायचं. ह्या पद्धतीला कागदोपत्री नाव हवं होतं. विद्यार्थ्यांनी दिलं, ते मंजूर झालं. इंग्रजीत 'द आत्या मेथड'. परवा दुसऱ्या एका विद्यापीठातून विचारणा आली, की आत्या हे कुणाचं आडनाव?

पुन्हा कधी येशील? दोन वर्षांनी तुझा प्रवास नियमात बसतो.

तुझा,
सोहम

•

गोत्री, बडोदे
२५ जून २००८

चि. सोहम,

पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा बापूने मोठ्याने वाचलं, अंगणात, कांचनबेनला ऐकू जाईल असं. आता आमच्या महिला मंडळातल्या चार जणींनी पासपोर्ट काढायला घेतले आहेत. एकीची तीन मुलं तीन देशांत, तिला मी अजून रीत बसवून देतेय, अवघड आहे.

नाही रे, मी पुन्हा येणार नाही. दमले म्हणून नाही. माझं काम एका फेरीत झालं. खिडकीतून खाली बर्फाचे डोंगर दिसले, तेव्हा वाटलं, आपल्या वाट्याचे हे सव्वादोन टन, पण ह्यातला एक किलोही वाया जायला नको. गेला नाही. त्या तळघरात पहिल्या संध्याकाळी तुम्ही सगळी जमिनीवर बसून एकमेकांच्या ताटातलं खात होतात, आणि कुणीही घड्याळाकडे पाहत नव्हतं. मी जिन्याच्या पायरीवर बसून पाहत होते. इतकी श्रीमंत मी कधीच नव्हते.

तू यायचं असेल तेव्हा तुझ्या नियमाप्रमाणे ये, बापू-पद्माकडे ये, महिनाभर राहा. पण एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवते, कारण तोंडाने सांगितलं की तुम्ही लोक 'काहीतरीच काय आत्या' म्हणून विषय बदलता. आपल्यात माणूस गेलं की पोरं मिळेल त्या विमानाने धावत येतात. पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं, आणि मग ती रिकाम्या पलंगाकडे बघत बसतात. माझ्या वेळी तुम्ही कुणी असं यायचं नाही. अकरांपैकी एकानेही नाही. मैथिलीला आणि बाकीच्यांनाही आज हेच लिहिलंय. भेटायचं राहिलं म्हणून माणूस धावतं. आपलं काही राहिलेलं नाही. मी तुमच्यातल्या एकेकाला बोट लावून मोजून आले आहे, आणि उत्तर बरोबर आलं आहे.

त्या दिवशी तू वर्गावर जा आणि नेहमीसारखं शिकव.

तुझी,
अहल्याआत्या